स्त्रियांमधील मूत्रमार्गसंसर्ग आणि प्रतिजैविक प्रतिरोध

स्त्रियांमधील मूत्रमार्गसंसर्ग हा जीवाणूंमुळे होणाऱ्या आणि सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक आहे. हा संसर्ग घडवणाऱ्या जीवाणूंवर पूर्वी गुणकारी ठरणाऱ्या औषधांचा परिणाम न होणे, यास प्रतिजैविक प्रतिरोध असे म्हणतात. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात किमान एकदा तरी मूत्रमार्गसंसर्ग होतो. २०१९ या एका वर्षात जगभरात त्याचे सुमारे ४० कोटी प्रसंग घडल्याचा अंदाज आहे. थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा हा आजार प्रतिरोधामुळे लांबतो, काही वेळा मूत्रपिंडापर्यंत व रक्तापर्यंत पोहोचतो आणि शिरेवाटे द्यावयाच्या महागड्या औषधांवाचून आटोक्यात येत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची माहिती मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात दिली आहे.

संज्ञा

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्रनलिका या अवयवांना मिळून मूत्रमार्ग म्हणतात. संसर्ग मूत्राशयापुरता मर्यादित असेल तर त्यास मूत्राशयदाह म्हणतात. लघवीला जळजळ होणे, वारंवार व घाईची लघवी लागणे, ओटीपोटात दुखणे ही त्याची लक्षणे होत. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो, कुशीत किंवा पाठीत दुखते, मळमळ व उलट्या होतात. ही अवस्था गंभीर समजली जाते.

लघवीच्या जळजळीला बोलीत ‘उन्हाळी लागणे’ असे म्हणतात. आयुर्वेदात कष्टाने होणाऱ्या मूत्रप्रवृत्तीला मूत्रकृच्छ्र अशी संज्ञा आहे. मात्र उन्हाळी लागणे म्हणजे प्रत्येक वेळी संसर्गच असतो असे नाही. उन्हात काम करून व पाणी कमी पिऊन लघवी दाट झाली तरीही जळजळ होते. अशी जळजळ पुरेसे पाणी प्यायल्यावर थांबते आणि तिच्यासाठी प्रतिजैविकाची गरज नसते. हा भेद न केल्यामुळे अनावश्यक औषधे घेतली जातात.

‘प्रतिकारशक्ती’ आणि ‘प्रतिरोध’ या दोन संज्ञांमध्येही गल्लत होते. प्रतिकारशक्ती ही माणसाच्या शरीराची असते, तर प्रतिजैविक प्रतिरोध हा जीवाणूंचा गुणधर्म आहे. ‘माझ्या अंगाला त्या गोळीची सवय झाली’ असे अनेक रुग्ण सांगतात. वस्तुतः सवय शरीराला होत नाही. शरीरातील जीवाणूंपैकी औषधाला दाद न देणारे तेवढे शिल्लक राहतात व वाढतात. हे जीवाणू एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जाऊ शकतात. त्यामुळे जिने आजवर एकही प्रतिजैविक घेतलेले नाही, अशा स्त्रीलाही प्रतिरोधी जीवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

कारक जीवाणू

साध्या मूत्राशयदाहाच्या ७५ टक्क्यांहून अधिक प्रसंगांत ई. कोलाय हा जीवाणू कारणीभूत असतो. जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक यांनी १८८५ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. माणसाच्या मोठ्या आतड्यात त्याचा नित्य वास असतो व तेथे तो सहसा उपद्रव करीत नाही. त्याच्या काही वाणांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या प्रथिनाच्या साहाय्याने तो मूत्राशयाच्या आतील अस्तराला चिकटतो. त्यामुळे लघवीच्या प्रवाहाबरोबर तो वाहून जात नाही. काही जीवाणू अस्तराच्या पेशींमध्ये शिरून दडून बसतात. संसर्ग पुन्हा उद्भवण्याचे ते एक कारण आहे.

याखेरीज क्लेब्सिएला, प्रोटिअस, एन्टरोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस हे जीवाणूही आढळतात. लघवीची नळी (कॅथेटर) बसवलेल्या रुग्णांमध्ये स्यूडोमोनाससारखे, मुळातच अनेक औषधांना दाद न देणारे जीवाणू दिसून येतात.

स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक असण्याची कारणे

स्त्रियांची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर लांब असते, तर पुरुषांची सुमारे २० सेंटिमीटर. शिवाय स्त्रियांमध्ये मूत्रनलिकेचे मुख गुदद्वाराच्या जवळ असते. त्यामुळे आतड्यातील जीवाणूंना मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा होतो. लैंगिक संबंध, गर्भारपण, मधुमेह, मूतखडा आणि रजोनिवृत्ती ही धोका वाढवणारी इतर कारणे आहेत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि योनिमार्गातील संरक्षक लॅक्टोबॅसिलस जीवाणू कमी होतात.

या शारीरिक कारणांना मराठवाड्यात परिस्थितीची जोड मिळते. हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी दुरून आणावे लागते तेव्हा घरातील स्त्रीच्या वाट्याला पिण्याचे पाणीही बेताचेच येते. शेतमजुरी, ऊसतोडणी, बाजारपेठेतील काम किंवा लांबचा एस. टी. प्रवास करणाऱ्या अनेक स्त्रिया स्वच्छ व आडोशाचे शौचालय नसल्यामुळे मुद्दाम कमी पाणी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. ‘लातूर पॅटर्न’मुळे शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थिनींमध्येही दिवसभर वर्गात बसून लघवी रोखण्याची सवय लागू शकते. मूत्राशय वेळोवेळी रिकामे होणे हे त्याचे नैसर्गिक संरक्षण आहे. लघवी साचून राहिली की जीवाणूंच्या वाढीला अवधी मिळतो.

प्रतिरोध कसा निर्माण होतो

जीवाणू मुख्यतः चार प्रकारे औषधापासून बचाव करतात.

१. औषध निकामी करणे : बीटा-लॅक्टमेज ही विकरे पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन गटांतील औषधांच्या रेणूतील वलय तोडतात. त्यांपैकी विस्तारित क्षमतेची विकरे (प्रयोगशाळेच्या अहवालात ‘ईएसबीएल’) सेफिक्झिम व सेफ्ट्रिॲक्झोन यांसारख्या औषधांनाही निष्प्रभ करतात. कार्बापेनेमेज ही विकरे मेरोपेनेमसारखी राखीव औषधेही निकामी करतात.

२. लक्ष्य बदलणे : सिप्रोफ्लोक्सॅसिन व नॉरफ्लोक्सॅसिन ही औषधे जीवाणूच्या डीएनएची घडी सांभाळणाऱ्या विकरांवर आघात करतात. त्या विकरांच्या जनुकांत उत्परिवर्तन झाल्यास औषध तेथे नीट जोडले जात नाही.

३. औषध बाहेर फेकणे : पेशीपटलातील प्रथिनांचे ‘पंप’ आत आलेले औषध बाहेर टाकतात.

४. प्रवेश रोखणे : बाह्य पटलातील ज्या छिद्रांतून औषध आत शिरते, ती छिद्रे जीवाणू कमी करतात.

प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा प्लाझ्मिड या लहान, वर्तुळाकार डीएनएवर असतात. प्लाझ्मिडची प्रत एका जीवाणूकडून शेजारच्या जीवाणूकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही, जाऊ शकते. एकाच प्लाझ्मिडवर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. त्यामुळे एका औषधाच्या अतिवापराने दुसऱ्या, कधीही न वापरलेल्या औषधाविरुद्धचा प्रतिरोधही फोफावतो. बारावीच्या जीवशास्त्रात अभ्यासले जाणारे ‘पीबीआर ३२२’ हे प्लाझ्मिड या संदर्भात उद्बोधक आहे. त्यावर अँपिसिलीन व टेट्रासायक्लीन या औषधांविरुद्धच्या प्रतिरोधाची जनुके असतात. प्रयोगशाळेत जी जनुके निवडीची खूण म्हणून उपयोगी पडतात, त्याच प्रकारची जनुके रुग्णाच्या मूत्राशयात उपचार अयशस्वी ठरण्यास कारण होतात.

यातील आतड्याची भूमिका सहसा लक्षात घेतली जात नाही. सर्दी, खोकला किंवा जुलाब यांसाठी घेतलेले प्रतिजैविक आतड्यातील संवेदनक्षम जीवाणू मारते व प्रतिरोधी जीवाणूंना मोकळे रान देते. पुढे मूत्रमार्गसंसर्ग झाला तर तो बहुधा त्याच साठ्यातील जीवाणूंमुळे होतो. अशा औषधाचा परिणाम पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि तो बारा महिन्यांपर्यंत टिकू शकतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

इतिहास

प्रतिरोधाचा इतिहास प्रतिजैविकांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलीनचा शोध लागला. ते औषध सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच, १९४० मध्ये, एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलीन नष्ट करणारे विकर ई. कोलाय जीवाणूत आढळल्याचे प्रसिद्ध केले. अपुऱ्या मात्रेमुळे जीवाणू प्रतिरोधी होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात दिला होता.

मूत्रमार्गसंसर्गासाठी १९५० च्या दशकात नायट्रोफ्युरँटॉइन, १९६० च्या दशकात नालिडिक्सिक आम्ल व को-ट्रायमॉक्सॅझोल आणि १९८० च्या दशकात नॉरफ्लोक्सॅसिन व सिप्रोफ्लोक्सॅसिन ही औषधे वापरात आली. शेवटची दोन औषधे स्वस्त, तोंडावाटे घेता येणारी व प्रारंभी अत्यंत परिणामकारक होती. त्यांचा भारतात सढळ वापर झाला आणि ई. कोलायमध्ये त्यांच्याविरुद्धचा प्रतिरोध सर्वत्र पसरला. विस्तारित क्षमतेच्या बीटा-लॅक्टमेजची पहिली नोंद १९८३ मध्ये जर्मनीतून झाली. त्यांतील आज जगभर पसरलेला ‘सीटीएक्स-एम-१५’ हा प्रकार १९९९ मधील नवी दिल्ली येथील नमुन्यांत प्रथम ओळखला गेला.

२००८ मध्ये भारतातील रुग्णालयात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीच्या नमुन्यात क्लेब्सिएला जीवाणू सापडला. त्यात कार्बापेनेम औषधे निकामी करणारे नवे विकर होते. त्यास ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ (एनडीएम-१) हे नाव देण्यात आले. शहराच्या नावावरून भारतात या नामकरणास आक्षेप घेण्यात आला. तथापि या घटनेनंतर प्रतिरोधाचा प्रश्न देशात गांभीर्याने चर्चिला जाऊ लागला.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील निदानाची सोय

नांदेड जिल्ह्यात १६ व लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. नांदेड येथे विष्णुपुरी परिसरात डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८), तर लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था (स्थापना २००२) ही प्रमुख शासकीय वैद्यकीय शिक्षणसंस्था आहे. लातूर येथे एमआयएमएसआर हे खासगी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशा महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत आणि शहरांतील काही खासगी प्रयोगशाळांत लघवीचे संवर्धन, म्हणजे ‘कल्चर’, करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सामान्यतः लघवीतील प्रथिने व साखर तपासली जाते. संवर्धनाची सोय नसते.

त्यामुळे किनवट, माहूर, देगलूर, उदगीर किंवा जळकोट तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या स्त्रीसाठी ही चाचणी म्हणजे जिल्ह्याच्या गावी एक फेरी, अहवालासाठी आणखी एक फेरी आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी असते. त्यापेक्षा जवळच्या ‘मेडिकल’मधून चार गोळ्या घेणे तिला सोयीचे वाटते. या आजाराविषयी घरातही मोकळेपणाने न बोलण्याच्या संकोचामुळे उपचाराला आणखी विलंब होतो. प्रतिरोधी जीवाणूंचा प्रसार समजून घेताना हे अंतर, हा खर्च आणि हा संकोच यांचा विचार करणे अगत्याचे ठरते.

लघवीचे संवर्धन व संवेदनक्षमता चाचणी

नमुना निर्जंतुक डबीत, लघवीची सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा घ्यावा लागतो. तो दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसल्यास सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यास चोवीस तासांपर्यंत चालतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उष्णतेत तालुक्याहून जिल्ह्यापर्यंत पिशवीतून आणलेल्या नमुन्यात जीवाणूंची संख्या वाटेतच वाढते आणि अहवाल दिशाभूल करणारा ठरू शकतो. बोरिक आम्लयुक्त डबीचा वापर हा त्यावरील एक उपाय आहे.

प्रयोगशाळेत ठरावीक मापाच्या तारेच्या कडीने, बहुधा ०.००१ मिलिलिटर, लघवी पोषक माध्यमावर पसरवली जाते आणि १८ ते २४ तास ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवली जाते. एका मिलिलिटरमध्ये १,००,००० किंवा अधिक जीवाणू असल्यास ते संसर्गाचे लक्षण मानण्याचा निकष एडवर्ड कॅस यांच्या १९५० च्या दशकातील संशोधनातून पुढे आला. लक्षणे असणाऱ्या स्त्रीमध्ये याहून कमी संख्याही महत्त्वाची असू शकते. तीन-चार प्रकारच्या जीवाणूंची मिश्र वाढ दिसल्यास नमुना घेताना तो दूषित झाला असण्याचा संभव अधिक असतो.

जीवाणू ओळखल्यावर त्याची संवेदनक्षमता तपासतात. जीवाणू पसरवलेल्या माध्यमावर औषधांच्या लहान चकत्या ठेवतात व दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीचे वाढविरहित वर्तुळ मोजतात. ही किर्बी-बाउअर पद्धत १९६६ पासून प्रचलित आहे. अहवालात प्रत्येक औषधापुढे ‘एस’ (संवेदनक्षम), ‘आय’ (मध्यम) किंवा ‘आर’ (प्रतिरोधी) असे लिहिलेले असते. संपूर्ण अहवाल मिळण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात.

प्रतिरोधाचे आकडे वाचताना

प्रयोगशाळा वर्षभरातील अहवाल एकत्र करून कोणत्या जीवाणूवर कोणते औषध किती टक्के प्रसंगी लागू पडते, याचा तक्ता तयार करतात. त्यास अँटिबायोग्रॅम म्हणतात. अहवाल हाती येण्यापूर्वी कोणते औषध सुरू करावे, हे ठरवण्यासाठी स्थानिक तक्ता उपयुक्त असतो. मुंबई-पुण्याचा तक्ता नांदेडला जसाच्या तसा लागू होत नाही. एका प्रचलित निकषानुसार एखाद्या जीवाणूच्या किमान ३० नमुन्यांवर असा तक्ता आधारलेला असावा व एका रुग्णाचा पहिलाच नमुना त्यात धरावा. को-ट्रायमॉक्सॅझोलविरुद्धचा स्थानिक प्रतिरोध २० टक्क्यांहून अधिक असेल, तर अहवालापूर्वी ते औषध सुरू करू नये, असा निकष आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१३ मध्ये प्रतिरोधाच्या पाहणीसाठी देशभरातील रुग्णालयांचे जाळे उभे केले. तिच्या अहवालांनुसार ई. कोलायमधील इमिपेनेम या राखीव औषधाविरुद्धचा प्रतिरोध २०१६ मध्ये १४ टक्के होता, तो २०२१ मध्ये ३६ टक्क्यांवर गेला. मात्र हे आकडे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतील रुग्णांचे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात लघवीचे संवर्धन बहुधा त्याच स्त्रियांचे होते, ज्यांचा आजार आधीच्या औषधांनी बरा झालेला नाही किंवा ज्या दाखल रुग्ण आहेत. त्यामुळे तेथील प्रतिरोधाचे प्रमाण गावातील पहिल्याच साध्या संसर्गाच्या प्रमाणाहून अधिक दिसते. असे आकडे पाहून प्रत्येक रुग्णाला आरंभीच सर्वांत तीव्र औषध देणे चुकीचे ठरते; त्यातून प्रतिरोध आणखी वाढतो.

उपचार

साध्या मूत्राशयदाहात नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध आजही उपयोगी आहे. ते १९५० च्या दशकातील असूनही भारतातील बहुसंख्य ई. कोलायवर ते प्रभावी असते. ते जीवाणूच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते. म्हणून त्याविरुद्ध प्रतिरोध सहजासहजी निर्माण होत नाही. ते प्रामुख्याने लघवीत एकवटते. त्यामुळे मूत्रपिंडाच्या संसर्गात किंवा रक्तातील संसर्गात ते उपयोगी पडत नाही. मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेले असल्यास ते टाळतात. प्रोटिअस जीवाणू त्यास निसर्गतःच दाद देत नाही. या औषधाने लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होतो. त्यामुळे घाबरण्याचे कारण नसते. फॉस्फोमायसिन हे ३ ग्रॅमच्या एकाच मात्रेत देता येणारे दुसरे उपयुक्त औषध आहे.

जळजळ थांबवण्यासाठी लघवी अल्कधर्मी करणारे सायट्रेटयुक्त पातळ औषध सर्रास दिले जाते. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत अधिक प्रभावी असल्यामुळे ही दोन औषधे एकत्र घेतल्यास त्याचा गुण कमी होऊ शकतो. धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी या घरगुती उपायांनी द्रवपदार्थ पोटात जातात व आराम वाटतो. परंतु ताप किंवा कुशीत दुखणे असताना त्यांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

सिप्रोफ्लोक्सॅसिन व लिव्होफ्लोक्सॅसिन यांच्या सरसकट वापराचा आणखी एक तोटा आहे. ही औषधे क्षयजंतूंनाही काही काळ दाबून ठेवतात. लघवीत पूपेशी आहेत पण संवर्धनात जीवाणू वाढत नाहीत, अशा रुग्णामध्ये मूत्रमार्गाच्या क्षयाची शक्यता तपासावी लागते. वारंवार या गोळ्या घेतल्याने ते निदान लांबणीवर पडते. लिव्होफ्लोक्सॅसिन हे औषधरोधी क्षयावरील उपचारातही लागते, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रतिजैविकाचा कालावधी आजाराच्या स्वरूपावर अवलंबून असतो. साध्या मूत्राशयदाहात सामान्यतः नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरते. बरे वाटू लागताच मनानेच औषध थांबवणे, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवणे किंवा त्या सासू-सुनेने, जावा-जावांनी वाटून घेणे, हे सर्व अपायकारक आहे. त्याचप्रमाणे गरजेपेक्षा अधिक दिवस औषध घेणेही हितकारक नाही.

लक्षणे नसताना लघवीत जीवाणू सापडणे, ही अवस्था वयस्कर व मधुमेही स्त्रियांमध्ये पुष्कळदा आढळते. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचे रुग्ण वगळता तिच्यासाठी प्रतिजैविक देण्याची गरज नसते.

गर्भवती स्त्रिया

गर्भारपणात २ ते १० टक्के स्त्रियांच्या लघवीत लक्षणांवाचून जीवाणू आढळतात. या अवस्थेत मूत्रवाहिन्या सैल व रुंद होत असल्यामुळे हे जीवाणू मूत्रपिंडाकडे सहज चढतात. उपचार न झाल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग, मुदतपूर्व प्रसूती व कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या प्रसूतिपूर्व सेवेच्या शिफारशींत, सोय असेल तेथे, लघवीचे संवर्धन ही निदानाची इष्ट पद्धत सांगितली आहे.

प्रतिरोधाचा सर्वाधिक फटका येथेच बसतो. गर्भारपणात फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे टाळली जातात. को-ट्रायमॉक्सॅझोल पहिल्या तिमाहीत व प्रसूतीच्या सुमारास टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन शेवटच्या आठवड्यांत देत नाहीत. उरलेल्या थोड्या औषधांविरुद्धही जीवाणू प्रतिरोधी असला, तर रुग्णालयात दाखल होऊन शिरेवाटे औषध घेण्याखेरीज मार्ग राहत नाही. नोंदणी झालेल्या प्रत्येक गर्भवतीची पहिल्या तिमाहीत एकदा लघवी संवर्धनासाठी पाठवणे, हा यावरील तुलनेने स्वस्त उपाय आहे. आशा स्वयंसेविका व परिचारिका यांच्या भेटींत जळजळ, ताप यांविषयी स्पष्टपणे विचारणे त्यास पूरक ठरते.

कायदे व धोरणे

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांमधील ‘अनुसूची एच’नुसार प्रतिजैविके नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१३ मध्ये अधिसूचित झालेली ‘अनुसूची एच-१’ मार्च २०१४ पासून लागू झाली. सेफिक्झिम, लिव्होफ्लोक्सॅसिन, मेरोपेनेम आदी औषधे तीत येतात. त्यांच्या विक्रीची नोंद रुग्णाच्या व डॉक्टरांच्या नावासह स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने औषधाच्या वेष्टनावरील उभ्या लाल रेषेविषयी जनजागृती मोहीम सुरू केली. अशी रेषा असलेली गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. प्रतिरोधाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये जाहीर झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन गट केले : प्रथम वापरावयाची, जपून वापरावयाची आणि राखीव. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात, सिप्रोफ्लोक्सॅसिन व सेफिक्झिम दुसऱ्या गटात, तर कोलिस्टिन तिसऱ्या गटात आहे. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा प्रतिरोधाविषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो.

प्रतिबंध

पुरेसे पाणी पिणे हा सिद्ध झालेला उपाय आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ घेणाऱ्या व वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायल्यास संसर्गाचे प्रसंग सुमारे निम्म्याने घटतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. प्रत्येक टळलेला संसर्ग म्हणजे टळलेले एक प्रतिजैविक होय. या दृष्टीने गावातील नळयोजना, शाळा-महाविद्यालयांतील मुलींची वापरण्यायोग्य स्वच्छतागृहे, बसस्थानकांवरील व ऊसतोडणीच्या तळांवरील शौचालये ही प्रतिरोध रोखण्याचीही साधने आहेत.

लघवी रोखून न धरणे, शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करणे, संबंधानंतर लघवीस जाणे, मधुमेह नियंत्रणात ठेवणे या सवयी सामान्यतः सुचवल्या जातात. रजोनिवृत्तीनंतर वारंवार संसर्ग होत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडते. रुग्णालयांत प्रसूती किंवा शस्त्रक्रियेसाठी बसवलेली लघवीची नळी गरज संपताच काढणे व परिचारकांनी हात धुणे यांमुळे प्रतिरोधी जीवाणूंचा प्रसार थांबतो.

ताप, थंडी, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त जाणे ही लक्षणे असल्यास, तसेच गर्भवती, मधुमेही व मूत्रपिंडविकार असलेल्या स्त्रियांनी, त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. अशा वेळी, तसेच औषध सुरू करूनही दोन-तीन दिवसांत गुण न आल्यास किंवा संसर्ग पुनःपुन्हा होत असल्यास, संवर्धन करून घ्यावे. लघवीचा नमुना प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी दिला तरच संवर्धनाचा अहवाल विश्वसनीय ठरतो. आधीचे अहवाल जपून ठेवून प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवल्यास योग्य औषधाची निवड लवकर होते.